समुद्राची हवा म्हणे!

कमळ घरतच्या मते जगातली निम्मी माणसं मूर्ख होती आणि उरलेली निम्मी तिला अजून भेटायची होती. रेवदंड्यात खाडीच्या अंगाला तिचं घर. ओटीवर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तोलायची, आणि तिच्या तागडीत आजवर कुणी पुरं उतरलं नव्हतं. बोटीवर जाणारे दारुडे, बँकेत जाणारे लाचार, सुकट वाळत घालणाऱ्या बाया गलथान, आणि अलिबागच्या रिक्षावाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. नवरा बुधाजी होता तोवर निम्मा दिवस त्याच्यावर खर्च व्हायचा. तो गेल्यावर गावाच्या वाट्याला जास्त यायला लागलं.

हा अधिकार आपल्याला मिठाने दिलाय, असं ती मानायची. तिचं माहेर पेणकडच्या खारेपाटातलं, बापाचं मिठागर. कळायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत तिने उघड्या पायांनी खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांत उभं राहून लाकडी फळीने मीठ ओढलं होतं. त्या कामाने हातांची पेरं सुजून वाकडी झालेली. मूठ धड मिटायची नाही, सुईत दोरा ओवता यायचा नाही. पण जीभ शाबूत होती. मिठाचा खडा जिभेवर ठेवला की तो कुठल्या आगरातला ते ती सांगायची. अजूनही दर उन्हाळ्यात भावाकडून एक गोणी खडेमीठ यायचं. मोठाले, राखी झाक असलेले खडे, चवीला शेवटी किंचित कडसर. घरात दुसरं मीठ चालायचं नाही. पाकिटातल्या मिठाला ती ‘पावडर’ म्हणायची आणि ती पावडर खाणाऱ्या माणसांकडून फारशी अपेक्षा ठेवायची नाही.

सून हेमाली पावडर खाऊन वाढलेली. पनवेलजवळची पोरगी, घरांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायला शिकलेली. प्रणयशी लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत कमळच्या तोंडून तिच्यासाठी बरा शब्द निघाला नव्हता. भाकरी थापली तर जाड, नाही थापली तर आळशी. लवकर उठली तर भांड्यांचा आवाज करते, उशिरा उठली तर बापाने हेच शिकवलं. हेमाली उलटून बोलायची नाही. कमळला त्याचाही राग यायचा, कारण उलटून न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू एकटीनेच सांभाळाव्या लागतात.

नवरात्राच्या आधी हेमालीने घरीच कॉम्प्युटर जुळवायला घेतला. अलिबागचा एक इंजिनीयर तिला नकाशांचं काम द्यायला तयार झाला होता, आणि जुना लॅपटॉप त्या कामाखाली धापा टाकत होता. प्रणयने मुंबईहून एकेक करून सुटे भाग आणले. मधल्या खोलीत चादर अंथरून हेमाली त्या खोक्यांच्या गराड्यात बसली आणि स्क्रू पिळू लागली.

“लोकांच्या सुना पापर लाटतान,” कमळ ओटीवरून म्हणाली, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. “आमची डबा बनवते.”

“डबा नाही, आई. हे बघा, हा मदरबोर्ड. सगळं याच्यावर बसतं.”

“मदर म्हंजे आयच ना? मंग बसूदे, आयच्याच डोक्यावर बसूदे सगलं!”

दुपारी डबा सुरू झाला. एका बटणात. प्रणय टाळ्या वाजवत नाचला. दहा वर्षांपूर्वी बारावी काठावर पास झाला तेव्हाही तो असाच नाचला होता. कमळच्या मते या पोराला आनंदाला कारण लागत नसे, निमित्त पुरे.

शनिवारी शेजारची नीराबाई बघायला आली. नीराबाईची नजर आळीत प्रसिद्ध होती. तिने काकडीच्या वेलाला छान म्हटलं की आठवड्यात वेल सुकायचा. प्रणयच्या नव्या गाडीला छान म्हटलं तर दुसऱ्याच दिवशी तो चौलच्या वळणावर घसरला. ती डब्याभोवती फिरली, आतले दिवे बघितले, वरच्या जाळीतून वारा येतो का ते हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, “बाय गो, सून भारीच हुशार तुजी! असा कॉम्प्युटर अख्ख्या आलीन न्हाय.”

“हुशार कसली! चार खिले ठोकलेन,” कमळने तिला वाटेला लावलं.

नीराबाई गेल्यावर, हेमाली बाजारात असताना, कमळने घरातल्या मोठ्या बाईने अशा वेळी जे करायचं असतं ते केलं. आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. डब्याची काळजी करताना तिला कुणी बघितलं असतं तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

पंधरा दिवसांत डबा आजारी पडला. सकाळी बटण दाबलं की पंखे गरगरायचे, दिवे लागायचे आणि पडदा काळाठिक्कर. आतून तीनदा बारीक शिट्टी यायची, बस्स. दुपारी दाबलं की सगळं ठीक. पण इंजिनीयरला नकाशे सकाळी दहाच्या आत हवे असायचे, कारण त्याची माणसं तेव्हा कामावर चढायची.

हेमालीने एकेक करून शोध घेतला. आधी मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या पिवळ्या टोकांवरून खोडरबर फिरवला. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल बदलला. मित्राकडून दुसरा पॉवर सप्लाय आणून लावून बघितला. दर वेळी सगळं पुन्हा जोडेपर्यंत दुपार व्हायची, दर वेळी तो चालायचा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा काळं तोंड. शेवटी एका रविवारी तिने अख्खा बोर्ड बाहेर काढला, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्यावर वाकून बसली. मग उठली, बोर्ड परत आत बसवला आणि प्रणयला म्हणाली, “गणराजला बोलव.” त्यानंतर तिने डबा उघडला नाही.

कमळला वाटलं, टेकले हात. पावडर खाल्लेल्या माणसात दम तो किती असणार!

गणराज म्हणजे बाजारातला दुरुस्तीवाला. त्याच्या पाटीवर कॉम्प्युटर, मोबाईल, कॅमेरे, झेरॉक्स, पॅनकार्ड आणि लग्नपत्रिका अशी सहा कामं लिहिलेली होती, आणि सहाच्या सहा त्याला सारखीच येत. तो दहाला उठायचा, अकराला न्हायचा आणि साडेबाराला गॉगल लावून हजर व्हायचा. साडेबाराला डबा पहिल्या दाबात सुरू झाला.

“काय प्रॉब्लेमच नाय, काकू,” तो म्हणाला. “माझ्या हाताला घाबरतो तो.”

“तुज्या हाताला मांजर घाबरत न्हाय,” कमळ म्हणाली, “डबा काय घाबरतोय.”

दुसऱ्या खेपेला तो साडेबारालाच आला आणि डबा पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या खेपेला प्रणयने हातापाया पडून निदान झाकण उघडायला लावलं. गणराजने गॉगल न काढता, हातभर लांबून आत बघितलं. बोर्डावर कुठेतरी पांढरं दिसलं तेवढं त्याला पुरलं.

“खल्लास,” तो म्हणाला. “समुद्राची हवा. खारी हवा बोर्ड खाते. कोस्टल एरियात घरी जोडलेला माल टिकतच नाय. नवीन बोर्ड टाकशील, सहा महिन्यांत सेम. पनवेलसाईडला शिफ्ट हो, भावा. दुसरा इलाज नाय.”

एवढं ज्ञान देऊन तो चहा पिऊन गेला. आणि ज्या पोराने आयुष्यात कुणाचं धड ऐकलं नव्हतं, त्या प्रणयने नेमकं गणराजचं ऐकलं. त्याच्या कंपनीचं पनवेलजवळ गोदाम होतं, तिथे बदली मागितली. ती मिळालीसुद्धा. एक तारखेला टेम्पो ठरला. “दर पंधरा दिवसांनी येऊ ना, आये,” तो म्हणाला. हेमाली खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत राहिली.

कमळ त्या दिवशी ओटीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरून जाणाऱ्या रिक्षावाल्याला काही म्हणाली नाही. साठ वर्षं तिने माणसांना नावं ठेवली होती. पण नावं ठेवायला माणूस हाताशी लागतो, हे तिला आता कळत होतं. तिन्ही खोल्यांत एकटीने फिरायचं, एकटीपुरती भाकरी थापायची, आणि ती जाड झाली तरी कुणाला बोलायचं? भीती वाटली की तिला राग यायचा. तो या खेपेला गणराजवर आला.

“समुद्राची हवा म्हने!” ती भिंतीवरच्या बुधाजीला म्हणाली. “समुद्राची हवा मी साठ वर्सां खातंय. मना खाल्लंय का कोनी?”

गणराजला खोटं पाडायचं, म्हणजे टेम्पो आपोआप रद्द होईल. हिशोब सरळ होता. एक तारखेला आठ दिवस उरले होते.

वाट तिला स्वयंपाकघरात सापडली. सकाळी कालवणात घालायला तिने बरणीत हात घातला तर मिठाला पाणी सुटलेलं, खडे बोटांना चिकटत होते. दिवाळी उलटून गेली होती, पहाटे खाडीवर दंव पडायचं, त्या दिवसांत हे रोजचंच. दुपारी जेवताना तीच बरणी उघडली तर मीठ खडखडीत कोरडं. आणि मधल्या खोलीतून डबा सुरू झाल्याचा आवाज आला.

कमळचा घास हातातच राहिला.

पुढचे तीन दिवस तिने पाळत ठेवली. सकाळी बरणी ओली, डबा मुका. दुपारी बरणी कोरडी, डबा बोलका. तिसऱ्या दिवशी सकाळीच ऊन कडक पडलं, मीठ नऊलाच सुकलं, आणि डबाही नऊला सुरू झाला. एवढी शिकलेली माणसं घरात येऊन गेली, हातात घड्याळ होतं, पण कितीला बिघडतो हे एकाने बघितलं नव्हतं. डब्यात मीठ होतं, याबद्दल तिला आता तिळभर शंका नव्हती. पण हवेतलं मीठ असं वागत नाही. हवेतलं मीठ सगळीकडे सारखं बसतं, खिडकीच्या गजावर, पत्र्यावर, पंख्यावर. आणि दीड महिन्यात तर काहीच बसत नाही. हे मीठ एका जागी होतं, आणि भरपूर होतं.

चौथ्या दिवशी प्रणय कामावर गेला होता आणि हेमाली मागच्या पडवीत कपडे धूत होती. कमळने डब्याची वायर काढली. बाजूच्या पत्र्याला दोन मोठे स्क्रू होते, हाताने फिरणारे. हेमालीला ते काढताना तिने दारातून नाक मुरडत पन्नास वेळा बघितलं होतं. तिने डबा आडवा केला, बुधाजीचा चष्मा नाकावर चढवला आणि गणराजने हातभर लांबून जे पाहिलं होतं ते वीतभर जवळून पाहिलं.

मेमरीच्या पट्ट्या बसतात त्या खाचांच्या मुळाशी पांढरा पापुद्रा धरला होता. मीठ विरघळून वाहिलं, सुकलं, पुन्हा विरघळलं, की वाफ्याच्या काठाला अस्साच पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्याखालून चांदीच्या ठिपक्यांच्या रांगा गेल्या होत्या. सकाळी इथे पाणी सुटत असणार, दुपारी सुकत असणार. गणराजचं दुकान, पाटी, गॉगल, सगळं तिच्या पायाखाली आलं. तिला हसू फुटलं.

मग तिला खाचेच्या टोकाला अडकलेला खडा दिसला.

अर्धा झिजलेला, पण खडाच. वाऱ्यावरून खडा येत नाही. तिने केसातली पिन काढून तो उकरला, तळहातावर घेतला. राखी झाक होती. तिने तो जिभेवर ठेवला.

खारट. मग शेवटी, किंचित, कडसर.

तिच्या बापाच्या आगरातलं मीठ होतं ते. या घरात ते एकाच बरणीत होतं आणि त्या बरणीत एकाच बाईचा हात जायचा. कमळने मान वर करून डब्याच्या वरच्या बाजूच्या जाळीकडे बघितलं, आणि तो शनिवार तिला लख्ख आठवला. नीराबाई गेल्यावर तिने मूठभर खडेमीठ आणि तीन मिरच्या घेऊन डब्याची दृष्ट काढली होती. आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, नीराबाईची, असं पुटपुटत सात वेळा हात ओवाळला होता. तिची मूठ धड मिटत नाही. डब्यावरून हात फिरताना टप टप असं काहीतरी वाजलं होतं, आणि तिने लक्ष दिलं नव्हतं. उरलेलं मीठ चुलीत टाकून ती ओटीवर जाऊन बसली होती आणि नीराबाईच्या नजरेला नावं ठेवत राहिली होती.

गणराज मूर्ख होता, पण त्याने डबा बिघडवला नव्हता. नीराबाईच्या नजरेनेही नव्हता. साठ वर्षं जगातल्या मूर्खांची मोजदाद करणाऱ्या बाईने स्वतःला त्या यादीत कधी धरलं नव्हतं, आणि ती यादीच्या अगदी वर निघाली.

पडवीतून कपडे धोपटल्याचा आवाज येत होता. अजून पाच-सहा कपडे तरी बाकी असतील. पुसून टाकावं, झाकण लावावं, आणि संध्याकाळी सांगावं की मी दुरुस्त केला. कुणाला कळणार होतं? उलट नावच झालं असतं. गणराजच्या दुकानासमोर उभं राहून सांगता आलं असतं. क्षणभर तिने तसं दृश्य बघूनही घेतलं. पण मिठाच्या बाबतीत खोटं बोलायचं, हे तिच्या जिभेला जमेना. ती माणसांबद्दल हवं ते बोलली असेल, मिठाबद्दल कधी खोटं बोलली नव्हती.

“हेमाले!” तिने हाक मारली. “इकरं ये गो.”

हेमाली ओल्या हातांनी दारात आली. उघडा डबा आणि सासूच्या नाकावरचा सासऱ्यांचा चष्मा बघून ती तिथेच थांबली.

कमळने तळहात पुढे केला. “यो मीठ माज्या मुठीतून परलाय. तुज्या डब्याची दृष्ट कारली मी, नीराबाय गेली तवा. माजी चूक हाय. हवेची न्हाय.”

‘माझी चूक’ हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले होते. तिला वाटलं, आता हेमाली हसेल, रडेल, निदान बोलेल तरी. हेमाली आत गेली आणि कपाटातून एक छोटी प्लास्टिकची डबी घेऊन आली. झाकण उघडून तिने ती सासूपुढे धरली. आत सात खडे होते. राखी.

“मला माहीत होतं, आई.”

“कवापास्नं?”

“बोर्ड बाहेर काढला होता ना, त्या रविवारपासून. हे निघाले. एक आत अडकला होता, तो नाही निघाला.”

“मंग बोल्ली का न्हायस? पुसला का न्हायस?” कमळचा आवाज सवयीने चढला. “तीन खेपा तो गॉगलवाला घरान येऊन चाय ढोसून गेला!”

हेमालीने डबीचं झाकण लावलं. “आधी वाटलं, तुम्हीच सांगाल. म्हणून थांबले. माझ्यासाठी दृष्ट काढलीत हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला. एकदा तरी.” तिने ओले हात पुसले. “मग गणराज बोलला, समुद्राची हवा. आणि मला बरं वाटलं. भांडण न करता निघता येत होतं.”

“डब्यापायी जात व्हतात ना तुमी?”

“नाही, आई.”

एवढंच म्हणाली ती. आवाज चढवला नाही, तीन वर्षांचा पाढा वाचला नाही. तो कमळला पाठ होता, तिनेच रचला होता. तिला लाज वाटली. पायाच्या चिरांत मीठ जावं तशी झोंबली.

चष्मा नाकावर सारखा करत ती म्हणाली, “ये, धुवून टाकू.”

हेमालीने स्पिरिटची बाटली आणली. कमळने ती बाजूला सारली. “स्पिरिटान मीठ इरगलत न्हाय. पानी लागतं. निवल पानी.” मग बोटीच्या बॅटरीत घालतात ते पाणी आलं. हेमालीने सेल आणि पट्ट्या काढल्या, पंखा उतरवला आणि बोर्ड सुटा करून ताटात ठेवला. जुन्या दातांच्या ब्रशने कमळने तो पापुद्रा इतक्या हळू घासला की हेमाली बघतच राहिली. शेवटी पाणी उडून जावं म्हणून वरून स्पिरिट. मग बोर्ड सुपात, वर पातळ फडका, आणि दोन दिवस उन्हात. नीराबाईने कुंपणावरून विचारलं, सुपात काय? “बोंबील,” कमळ म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे इतकं दंव होतं की पत्र्यावरून थेंब गळत होते. बरणीतल्या मिठाचा चिखल झाला होता. हेमालीने सात वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, एकच शिट्टी वाजली आणि पडदा उजळला.

प्रणय ब्रश तोंडात घेऊन धावत आला. “चालू? एवढ्या ओलीत चालू?” मग नेहमीप्रमाणे नाचला. “म्हणजे हवाबिवा काय नव्हतीच! आये, आता कशाला जायचं पनवेलला? टेम्पोवाल्याला फोन करतो मी.”

हेमालीचा हात बटणावरच राहिला. तिने सासूकडे बघितलं. काही मागत नव्हती ती. इतक्या वर्षांत तिला मागायची सवयच उरली नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, आणि तो कमळला दिसला.

कमळला फक्त गप्प बसायचं होतं. टेम्पो रद्द झाला असता. पोरगा राहिला असता, सून राहिली असती, ओटी भरलेली राहिली असती. गणराज खोटा पडला असता. हवं होतं ते सगळं एका फोनच्या अंतरावर होतं.

“फोन ठेव,” ती म्हणाली.

“का?”

“एक दिस चालला म्हनून नाचतोस काय, येरा! गनराज बोल्ला ना, हवा वाईट हाय? त्यो शिकलेला हाय. त्याला कलतं. हित्तं डबा टिकायचा न्हाय. एक तारखेला निंगा.”

“पण आये, तूच तर त्याला—”

“मना काय कलतंय कॉम्प्युटरातलं? गनराज बोलतो तां खरां हाय.”

हे वाक्य गणराजपर्यंत दुपारच्या आत पोहोचलं. तेव्हापासून तो बाजारात येईल त्याला सांगतो की कमळकाकूने, जिने आजवर कुणाला अक्कल आहे असं म्हटलं नाही, तिने आपल्याला मानलं. त्याने पाटीवर सातवं काम चढवलंय, ‘मदरबोर्ड स्पेशालिस्ट’. कमळ त्या पाटीखालून मासळी आणायला जाते. तिच्या तोंडात त्या माणसासाठी जे येतं ते ती गिळते, आणि ते पचायला जड असतं.

एक तारखेला टेम्पो भरला. गाद्या, भांडी, खोकी मागे गेली. डब्याचं कॅबिनेट मात्र हेमालीने मागे ठेवू दिलं नाही. ती पुढे बसली आणि ते मांडीवर घेतलं, जाळी वर करून. प्रणय टेम्पोवाल्याला दोरी कशी बांधायची ते शिकवत होता, म्हणजे दोरी सुटायचीच होती.

कमळ टेम्पोच्या दाराशी येऊन उभी राहिली. उजवा हात पदराखाली.

“आई,” हेमाली म्हणाली, “दृष्ट नाही काढणार?”

“दृष्ट लागायला हाय काय त्यान! कोन बघतंय तुज्या डब्याकरं!”

असं म्हणत तिने पदराखालचा हात बाहेर काढला. मूठ मिटलेली होती, जमेल तेवढी. वाकड्या बोटांच्या फटींतून राखी खडे दिसत होते. हात आत घालून ती ओवाळू लागली, आधी सुनेवरून, मग डब्यावरून. हेमालीने आपले दोन्ही पंजे त्या मुठीखाली ओंजळीसारखे धरले आणि सातही वेळा ते मुठीबरोबर फिरवले.